गोधडीसाठी वॉकिंग फूट: सहाशे रुपये वसूल

आईच्या सुती साड्या पेटीत पडून होत्या. नागपुरात थंडीत पारा दहाच्या खाली जातो, म्हणून यंदा गोधडी शिवायला काढली. हातानं नाही, मशीनवर. पाच इंचाचे चौकोन, पाव इंच शिलाई; जोडकाम मजेत झालं. वर चौकोन, मध्ये जुनी चादर, खाली अस्तर असे तीन थर लावले आणि घोळ सुरू झाला. मशीनचे दाते खालचं कापड ओढतात, वरचं मागे रेंगाळतं. प्रत्येक जोडापाशी चुणी! दोन संध्याकाळी फक्त उसवण्यात गेल्या.

मग इतवारीतल्या एका दुकानातून वॉकिंग फूट आणला, म्हणजे मशीनच्या सुईखाली कापड दाबून धरणारा, पण वरचं कापडही सरकवणारा फूट. "सगळ्या मशीनला बसते, ताई," म्हणे. कशाचं काय! फूट ज्याला बसतो तो माझ्या मशीनचा दांडा आखूड, फूट उंच दांड्याचा. पहिल्याच टाक्याला सुई फुटावर आपटून तुटली. बदलून दिला, पण तोंड वाकडं करून. घेताना जुना फूट सोबत न्याच.

आता फुटाबद्दल. याला स्वतःचे दाते असतात. बाजूचा आकडा सुईच्या स्क्रूवर बसतो, सुई वर गेली की वरचं कापडही खालच्यासोबत सरकतं. १६ नंबरची सुई, साडेतीन मिलिमीटरचा टाका: सरळ रेषा अगदी सपाट. गोल नक्षीला मात्र उपयोग नाही आणि उलटी शिलाई टाळा. आवाज खटारा बैलगाडीसारखा. दुपारी चालवला तर सासूबाई आतून विचारतात, "काय मोडलं गं?"