चर्च आन् संस्थांसाठीचं टीम-लीडरशिप ट्रेनिंग: पैसे वसूल झाले का?

आमची संस्था लहान, काम यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याकडच्या गावांत आणि कोलाम आदिवासींच्या पोडांवर (वस्त्यांवर), आणि निम्मी कमिटी गावच्या मंडळीतलीच, म्हणजे चर्चच्याच लोकांतली. म्हणजे रविवारी उपासनेत जे तेच सोमवारी ऑफिसात, रविवारचा रुसवा सोमवारच्या मीटिंगमध्ये येते आन् सोमवारचा पुढच्या रविवारी. म्हणून चर्च आणि संस्था दोघांसाठी मिळून ट्रेनिंग देणारे कोणी आहेत म्हटल्यावर बोलावलं. नाव इथं टाकत नाही, कारण पुढं थोडी खरडपट्टी पण आहे.

सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे हे लोक तुमच्या जागेवर येतात. नागपूर-पुण्याले ट्रेनिंग असलं की जाते कोण? अध्यक्ष आणि सचिव. फिल्डवरच्या ताया, ड्रायव्हर, अकाउंटवाला पोरगा, संडे स्कूल घेणाऱ्या बाई सगळे मागंच राहतात, मग साहेब लोक परत येऊन "आता आपल्याले टीम म्हणून काम करायचं आहे" असं सांगतात आणि बाकीचे मान हलवतात. इथं चर्चच्या हॉलमध्ये सगळेच बसले, ड्रायव्हरभाऊ पण. फी पण माणशी नाही, टीमप्रमाणे घेतात, त्यामुळं कोणाले वगळायची गरज पडत नाही. जेवण आपलं.

सकाळचं सेशन मात्र राजेहो, बोअर. तेच १९६५ सालचं टकमनचं फॉर्मिंग-स्टॉर्मिंग, म्हणजे टीम आधी जमते, मग भांडते, मग कुठं जुळून कामाले लागते, स्लाईड इंग्रजीत, बोलणं पुणेरी, उदाहरणं आयटी कंपनीची. आमच्यासारख्या ठिकाणी एका वर्षाचा सीएसआर फंड (कंपन्यांचा समाजकामासाठीचा पैसा) येते, पोरं घेतो, कामाले लागेपर्यंत फंड संपते, पोरं जातात, नवीन येतात, म्हणजे आमची टीम कायमची स्टॉर्मिंगमध्येच. हे विचारलं तर "इंटरेस्टिंग पॉइंट" म्हणून पुढची स्लाईड.

पण दुपारी बाईनं जे घेतलं (ट्रेनर दोघं होते, सर आणि बाई, बाई लय हुशार) त्यात पैसे वसूल. बायबलातल्या निर्गमच्या १८ व्या अध्यायातली, इस्राएल लोकांचा पुढारी मोशे याची गोष्ट तिनं सांगितली नाही, करून घेतली. आमच्या अध्यक्ष दादांले मधात खुर्चीवर बसवलं, तू मोशे. बाकी सगळ्यांनी त्या आठवड्यात खरंच दादांकडं जे काम अडकलं होतं ते चिठ्ठीवर लिहून लाईनीत उभं राहायचं. पेट्रोलचं व्हाउचर, सुट्टीचा अर्ज, बाप्तिस्म्याचा दाखला, माईक रिपेअरी, कपाटाची चाबी, बॅंकेतली दुसरी सही, व्हॉट्सॲप ग्रुपवर नवीन माणूस ॲड करणं. लाईन दरवाज्याबाहेर गेली. दादा सुरुवातीले हसून राहिले होते, मग गप झाले, मग घाम पुसला. तेव्हा बाईनं इथ्रोचं सांगितलं, की मोशेचा हा सासरा पाहुणा येते, पाहते की जावई सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच निवाडे करून राहिला, आणि म्हणते, असं केलं तर तू पण थकशील आन् लोक पण थकतील. हजार, शंभर, पन्नास, दहा माणसांवर नायक नेम, मोठं प्रकरण तेवढं तुझ्याकडं. आमच्यात बौद्ध आहेत, हिंदू आहेत, कोलाम आहेत, त्यांच्यावर बायबल लादल्यासारखं कुठंच वाटलं नाही. पोडावरचा आमचा एक भाऊ म्हणे, हाव, आमच्या इथं नाईक, म्हणजे पोडाचा मुखिया, पण एकटा निकाल देत नाही, चार म्हातारे बसल्याशिवाय. तिथंच बसून दादांकडच्या त्या चिठ्ठ्यांवरची कामं बाकीच्यांत वाटली. आता व्हाउचर अकाउंटवाला पोरगा ठराविक रकमेपर्यंत स्वतः पास करते, चाबी दोघांकडं.

दुसरं आवडलेलं म्हणजे तक्रारीचं. बायबलातल्याच प्रेषितांच्या कृत्यांत (प्रेषित म्हणजे येशूचे शिष्य) ६ व्या अध्यायात ग्रीक बोलणाऱ्या विधवा रोजच्या वाटपात सुटून राहिल्या म्हणून कुरकुर होते, आणि प्रेषित त्यांले "तुमची श्रद्धा कमी पडून राहिली" असं म्हणत नाहीत, सात माणसं निवडायले लावतात. सातही नावं ग्रीक, म्हणजे ज्यांची तक्रार त्यांच्यातलेच घेतले असतील. हे मी किती वेळा प्रवचनात ऐकलं पण आमच्या मीटिंगले कधी लावून पाहिलं नव्हतं. मग बिननावाच्या चिठ्ठ्या घेतल्या. एकीवर एवढंच होतं, मीटिंग पाच वाजता ठेवता, माझी शेवटची एसटी जाते. कोणाची चिठ्ठी ते सगळ्यांले समजलं, कोणी बोललं नाही. मीटिंग आता अकराले असते, आणि ती ताई, जी कधी तोंड उघडत नव्हती, ती आता रिपोर्ट वाचते.

आता खरडपट्टी. "फीडबॅक कसा द्यावा" म्हणून जोड्या पाडून "मला असं वाटतं की…" असं बोलायले लावलं, ते लय नाटकी झालं. आमच्याकडं माणूस सरळ म्हणते, काऊन बे, पावती कुठं आहे? त्याले गोड करून सांगितलं तर उलट संशय येते. आणि मंडळीतली खरी भांडणं असतात कमिटीच्या निवडणुकीवरून आणि जागेवरून, तो विषय पाळकसाहेबांनीच हिंमत करून काढला तर सरांनी चहाची सुट्टी दिली. अरे, आपल्या नागपुरातच १९७० साली सहा वेगवेगळे चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया उभं राहिलं, सहा घरची माणसं एका टेबलावर बसलीच ना, मग एका गावातल्या दोन गटांचं बोलायले एवढं काय भ्यायचं?

कायद्याचा भाग तर अगदी गुंडाळला. खरं म्हणजे सगळ्यात जास्त वेळ तिथं पाहिजे होता. २०१३ चा लैंगिक छळाविरुद्धचा कायदा आपल्याले लागतच नाही असं लय संस्थांले वाटते, कारण "आमच्याकडं नोकर नाही, मानधनावर सेवक आहेत". पण त्यात बिनपगारी काम करणारे पण येतात. दहा किंवा जास्त माणसं असली की अंतर्गत समिती पाहिजेच, अध्यक्ष बाई, निम्म्या तरी बाया, एक मेंबर बाहेरचा. दहापेक्षा कमी असले तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं जाते. तसंच विश्वस्त बदलला की ९० दिवसांत धर्मादाय आयुक्तांकडं चेंज रिपोर्ट (बदलाची नोंद) द्यावा लागते, हे राहून गेलं की पुढं कोण खरा विश्वस्त यावरच कोर्टकचेरी. हे सगळं हॅंडआउटमध्ये आहे, पण बारीक अक्षरात आणि इंग्रजीत.

नंतर फोनवर फॉलोअप करू म्हणाले होते, तो अजून आला नाही.

पाचापैकी साडेतीन. अर्धा स्टार जेवताना ड्रायव्हरभाऊंशेजारी बसून सगळं विचारून घेणाऱ्या त्या बाईचा. बोलवायचं असेल तर बाईच पाहिजे असं आधीच सांगा, स्लाईड मराठीत मागा, आणि कापूस वेचणीत किंवा मार्चमध्ये लावू नका, वेचणीत ताया येत नाहीत आन् मार्चमध्ये अकाउंटवाल्याचं लक्ष राहत नाही. प्रोजेक्टर ते आणतात, इन्व्हर्टर तुमचा.