नजरी नकाशा की जिओ-टॅग?

जनगणनेत कुणी सुटू नये, कुणी दोनदा मोजलं जाऊ नये, म्हणून आधी नकाशा लागतो. २०११ मध्ये हा नकाशा प्रगणक, म्हणजे घरोघरी जाऊन मोजणी करणारा कर्मचारी, हाताने काढत असे. पक्क्या घराला चौकोन, कच्च्याला त्रिकोण. या नजरी नकाशाचं मोल मला आजही मोठं वाटतं, कारण तो काढायला गल्लीबोळ पायी तुडवावे लागतात. धारावीतल्या पोटमाळ्याची शिडी उपग्रहाला दिसत नाही, प्रगणकाला दिसते. पण हा नकाशा मापात नसतो. दोन प्रगणकांना नेमून दिलेल्या भागांच्या हद्दीवरची वस्ती दोघांनाही पलीकडची वाटते आणि राहून जाते.

२०२७ च्या जनगणनेत इमारतींचं जिओ-टॅगिंग ठरलं आहे, म्हणजे प्रत्येक इमारत डिजिटल नकाशावर एक बिंदू होणार. इमारतीला असे अक्षांश-रेखांश मिळाले की खरा फायदा नंतर दिसतो. पालघर जिल्हा २०१४ मध्ये ठाण्यातून वेगळा झाला. २०११ चे आकडे मग तालुक्या-गावांवरून जुळवावे लागले. बिंदू हाताशी असतील तर नवी हद्द टाकून थेट बेरीज होते. नदीची पूररेषा त्यावर ठेवली की धोक्यातली घरं मोजता येतात.

उणिवा आहेतच. दाट वस्तीत जीपीएस काही मीटर चुकतं, शेजारच्या घरावर बिंदू पडतो. तरी माझं मत जिओ-टॅगच्या बाजूने आहे, मात्र पायी फेरी कायम ठेवून. आणि घराघराचे बिंदू गोपनीयच हवेत. जनगणना कायदा, १९४८ वैयक्तिक माहितीला संरक्षण देतो. प्रसिद्ध व्हावेत ते फक्त एकत्रित आकडे.