बाबांचा सीटी अँजिओ दुसऱ्यांदा, आणि यावेळी नीट झाला

बाबांना जिना चढताना छातीत दाटून यायचं म्हणून डॉक्टरांनी सीटी कोरोनरी अँजिओ सांगितली, म्हणजे हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांचे (कोरोनरींचे) सीटी स्कॅनने फोटो. पहिली एका दुसऱ्या सेंटरला केली, नाव लिहीत नाही. तिथे ठोके मिनिटाला ८८ असताना तसंच आत घेतलं आणि रिपोर्टमध्ये उजव्या कोरोनरीपुढे लिहिलेलं, हालचालीमुळे मधला भाग नीट दिसत नाही. पैसे गेले, रेडिएशन घेऊन झालं, आणि ब्लॉकेज आहे की नाही ते कळलंच नाही. फार चिडचिड झाली होती.

दुसरी या सेंटरला केली. इथे फोनवरच सगळं विचारलं, दमा आहे का, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) केलंय का, मेटफॉर्मिन (डायबेटिसची गोळी) चालू आहे का. आदल्या दिवसापासून चहा-कॉफी पूर्ण बंद. पोचलो तेव्हा ठोके ८२ होते, मग ठोके कमी करणारी मेटोप्रोलॉलची गोळी देऊन तासभर बसवलं (दम्याचं म्हणूनच विचारतात, दमेकऱ्यांना ही गोळी बाधू शकते). मी म्हटलं एवढा वेळ कशाला, तर टेक्निशियन ताईंनी मॉनिटरवरचा ईसीजीच दाखवला. ६० ठोके असतील तर एक ठोका एक सेकंदाचा, त्यात हृदय रक्ताने भरत आलं की पुढच्या आकुंचनाआधी थोडा वेळ जवळजवळ स्थिर असतं, एका ठोक्याच्या वेळेतल्या साधारण ७०-७५ टक्क्यांच्या आसपास, फोटो तिथे घ्यायचा. ठोके वाढले की सगळ्यात आधी हाच निवांत तुकडा आक्रसतो, मग आकुंचन संपतानाचा, ४० टक्क्यांच्या आसपासचा बारीकसा थांबा पकडावा लागतो. आणि सगळ्यात जास्त हलते ती उजवी कोरोनरीच, म्हणजे बाबांची पहिल्या वेळी नेमकी तीच का बिघडली ते मला तिथे कळलं.

इथलं मशीन दोन एक्स-रे ट्यूबवालं आहे, एक फोटो साधारण ६६ मिलिसेकंदात घेतं, तरीही त्यांनी ठोके उतरायची वाट बघितली हे मला खरंच आवडलं. शिवाय ठोके संथ आणि एकसारखे असले की एक्स-रे फक्त त्या शांत तुकड्यापुरता चालू ठेवता येतो, त्यामुळे रेडिएशन कमी.

श्वास रोखायची प्रॅक्टिस तीनदा करून घेतली. डाय (रक्तवाहिन्या फोटोत दिसाव्यात म्हणून टोचतात ते औषध) गेल्यावर अंगभर गरम वाटेल, लघवी झाल्यासारखं वाटेल, घाबरू नका, हे दोनदा सांगितलं, कारण माणूस दचकला की ठोके परत वर जातात. जिभेखाली रक्तवाहिन्या रुंद करणारा नायट्रोचा स्प्रे मारला, त्याने संध्याकाळपर्यंत डोकं दुखलं एवढंच. आत नेलं तेव्हा ठोके ५८! रिपोर्टमध्ये उजवी कोरोनरी अगदी स्वच्छ दिसतेय, थोडं ब्लॉकेज आहे पण डॉक्टर म्हणाले सध्या औषधावर भागेल. तो कागद हातात आल्यावर आई रडली.

एक तक्रार आहे. जिथे पेशंटला शांत बसायला सांगतात तिथेच टीव्हीवर न्यूज चॅनेलची भांडणं मोठ्याने चालू होती, बाबांचे ठोके पहिली वीस मिनिटं उतरेचनात, सांगितल्यावर लगेच बंद केला पण तिथे टीव्ही नकोच. पार्किंग नाही, रिक्षाने जा. कुठेही ही टेस्ट करणार असाल तर आधी फोनवर विचारा की ठोके किती झाल्यावर आत घेता, आणि नाही उतरले तर काय करता.