स्वस्तातली खुकरी: पाट्याची की कारखान्याची?

दोन-तीन हजारांचं बजेट असेल, तर खुकरी घेणाऱ्यासमोर खऱ्या अर्थानं दोनच वाटा असतात. एक, नेपाळात किंवा देहरादूनकडे ट्रकच्या पाट्यापासून, म्हणजे गाडीखालच्या स्प्रिंगच्या पोलादी पट्टीपासून, हातानं घडवलेली. दुसरी, कारखान्यात कार्बन स्टीलच्या तयार पट्टीतून कापलेली, यंत्रावर घासलेली, काळा लेप देऊन खोक्यात भरलेली. पितळी सिंहाच्या मुठीची, चकचकीत स्टेनलेसची तिसरीही एक असते, दार्जिलिंग-मनालीच्या बाजारात टांगलेली. ती भिंतीवर छान दिसते. तिच्याबद्दल एवढंच.

मी पहिल्या दोन्ही वापरल्या आहेत, तळकोकणातल्या आमच्या जागेत. काम ठरलेलं: करवंदीच्या जाळ्या, वाटेत आडव्या आलेल्या काजूच्या फांद्या, सुका बांबू, चुलीची लाकडं. कोयता असताना हे काय नवीन, असं आमच्याकडचे गडी अजूनही विचारतात आणि त्यांचं चूक नाही. शहाळं तासायला, कवळ म्हणजे पाल्याच्या डहाळ्या तोडायला कोयताच बरा. पण मनगटाएवढी फांदी दोन-चार घावांत उतरवायची असेल, तर वजन पुढे असलेलं हे पातं हाताला कमी दमवतं. ज्यांना हे पटलेलंच आहे त्यांच्यासाठी पुढचं लिहितोय.

कागदावर पाहिलं तर कारखान्याची खुकरी सहज जिंकते. तिच्यावर पोलादाचा नंबर असतो: १०५५, १०७५, १०९५. शेवटचे दोन आकडे म्हणजे कार्बन, १०९५ मध्ये ०.९५ टक्क्यांच्या आसपास. जास्त कार्बन म्हणजे जास्त कडक, जास्त टिकणारी धार, असा सरळ हिशोब मांडून बहुतेक जण १०९५ वर बोट ठेवतात. पाट्याच्या खुकरीला असा नंबर नसतो. विकणारा ‘५१६०’ म्हणतो, किंवा ‘मर्सिडीजच्या ट्रकचा पाटा आहे’ असं सांगतो, आणि ते तपासायचा आपल्याकडे काही मार्ग नसतो. पाटा ५१६० चा असेल तर कार्बन ०.६ टक्क्याच्या आसपास आणि सोबत थोडं क्रोमियम. भारतीय गाड्यांच्या पाट्यांत सिलिकॉन-मँगनीजवालं ईएन ४५ सुद्धा पुष्कळ सापडतं. नंबर वेगळे असले तरी जात एकच: आयुष्यभर खड्ड्यांत वाकून पुन्हा सरळ होण्यासाठी बनवलेलं पोलाद. ते चिवट असतं, आणि खुकरीत मला तेच हवं आहे. कडकपणा दुय्यम. असं का, ते जांभ्या दगडानं दाखवलं.

कोकणात खाली कुठेही वार केला तरी एखादा जांभ्याचा खडा लागतोच. पालापाचोळ्यात तो दिसत नाही. १०९५ च्या पात्याला तो लागला तेव्हा ‘टक्’ असा कोरडा आवाज आला. पाहिलं तर धारेतून मसुराच्या अर्ध्या डाळीएवढा टवका गेलेला, आणि तोही नेमका बाकाच्या आतल्या अंगाला. पाट्याच्या खुकरीलाही तसेच खडे लागले, कदाचित जास्तच. तिचा टवका उडाला नाही, तेवढ्या जागेत धार एका बाजूला दुमडली. नखानं हलकेच घासलं तर एका अंगाला अडकते, दुसऱ्या अंगाला नाही. धातू गेलेला नाही, नुसता कलंडलेला आहे.

हा फरक साध्या सुरीत फारसा जाणवणार नाही. सुरीला टवका पडला तर ती सपाट निसण्यावर दहा मिनिटं जास्त घासायची, संपलं. खुकरीचं तसं नाही. तिची धार मुठीजवळून निघते, आत वळते आणि मग पोटाशी फुगते. आतल्या वळणात सपाट निसणा पोचतच नाही. त्याच्या कडा टेकतात, मधली धार तशीच कोरडी राहते. मग गोल काहीतरी शोधायचं: अर्धगोल कानस, किंवा झाडूच्या दांड्याला गुंडाळलेला ३२० चा पॉलिश पेपर. टवक्याच्या तळापर्यंत पोचायचं म्हणजे त्याच्या दोन्ही बाजूंचा धातूही तेवढाच उतरवावा लागतो, नाहीतर बाकात खळगा राहतो. आणि १०९५ नीट पाणी दिलेलं, म्हणजे तापवून-विझवून कडक केलेलं असेल, तर त्यावर कानस घसरते. म्हणजे जी गोष्ट जाहिरातीत गुण म्हणून छापलेली असते, तीच माझ्या हातात कटकट होऊन आली. एक अख्खी दुपार त्या एका टवक्यापायी गेली आणि शेवटीही बाक पहिल्यासारखा झाला नाही.

बाजारातल्या धारवाल्याकडे द्यावी, तर तिथं वेगळीच गत. त्याचं चाक मोठं आणि सपाट. तो बिचारा चाकाला लागेल तेवढं घासतो, पोट उतरवतो, आणि दोन-तीन वेळांत खुकरीची सुरी होते. शिवाय कोरड्या चाकावर ठिणग्या उडत धार निळी पडली, की त्या जागेचं पाणी गेलंच म्हणून समजा. निळी पडलेली धार पुन्हा कितीही लावा, टिकत नाही.

दुमडलेल्या धारेला हे काहीच लागत नाही. खुकरीच्या म्यानात मागच्या बाजूला दोन छोटी अवजारं असतात, कर्दा आणि चकमक. कर्दा म्हणजे बारीकसारीक कामाची सुरी. चकमक बोथट असते आणि ती शोभेची आहे असं समजून बरेच जण फेकून देतात. तिचं एक काम गारगोटीवर ठिणगी पाडायचं. दुसरं, आणि आपल्या उपयोगाचं, म्हणजे धार चोळून सरळ करायचं. पातं मांडीवर आडवं धरून, धार आपल्यापासून लांब ठेवून, चकमक दुमडीच्या उलट दिशेनं जरा दाबून ओढायची. दहा-बारा वेळा ओढलं की धार उभी राहते. चकमक अरुंद असल्यानं आतल्या वळणातही ती आरामात फिरते. स्वस्त खुकरीबरोबरची चकमक कच्च्या लोखंडाची असण्याची शक्यता बरीच. तसं असेल तर जुन्या, चांगल्या प्रतीच्या स्क्रूड्रायव्हरची गुळगुळीत दांडी तेच काम करते. मी तीच वापरतो.

म्हणजे पाट्याची खुकरी बिनदोष आहे असं नाही. तिला पाणी देण्याची पारंपरिक रीत अशी: पातं तापवून लाल झालं, की कामी म्हणजे तिथला लोहार किटलीच्या तोटीतून बारीक धारेनं पाणी फक्त धारेवर सोडतो. पोटाच्या भागात जास्त, टोकाकडे आणि मुठीकडे कमी. पाठीला ते जवळजवळ लागतच नाही, ती मऊ राहते आणि घावाचा झटका सोसते. पोटाचा पट्टा ५५ ते ५८ रॉकवेलच्या (कडकपणा मोजायचं माप) घरात पोचतो, पाठ त्याच्या बरीच खाली. हे सगळं त्या माणसाच्या डोळ्यावर आणि मनगटावर चालतं. हात बसलेला असेल तर उत्तम. घाईत असेल तर कडक पट्टा आखूड येतो आणि बाकाची धार खूपच मऊ राहते. पाट्याचं पोलाद खरं तर तेलात विझवायचं, पाण्यात बारीक तडा जाण्याची भीती असते. किटलीची रीत म्हणजे त्यावर काढलेली तडजोड. पाटा आधीच गाडीखाली झिजून आलेला असेल, तर त्यात जुनी तडही लपलेली असू शकते. कारखान्याच्या पात्यात हे प्रश्न नाहीत. भट्टीत एकसारखं तापमान, एकसारखं पाणी, आज घेतली तशीच सहा महिन्यांनी घेतलेली.

मुठीतही कारखाना पुढे. तिथं रबरासारखी किंवा प्लॅस्टिकची मूठ थेट पात्याच्या शेपटावर, म्हणजे मुठीत जाणाऱ्या भागावर, ओतलेली असते, ती हलत नाही. हातानं घडवलेलीत शेपूट लाकडात लाहा नावाच्या राळेसारख्या पदार्थानं बसवतात. लाहा उष्णतेनं मऊ होते. मे महिन्यात गाडीच्या डिकीत राहिली, की मूठ फिरलीच. शिवाय लाकूड पावसात फुगतं, दिवाळीनंतर आकसतं आणि पातं मुठीत खुळखुळू लागतं. तेव्हा ती वापरायची नाही, हे सांगायला नकोच. मी मूठ गरम पाण्यात धरून काढली, जुनी लाहा खरवडली आणि अ‍ॅराल्डाइट भरून पुन्हा बसवली. तेव्हापासून ती घट्ट आहे. ज्यांना ही खटपट नको, त्यांनी चिरुवा मुठीची घ्यावी. तिच्यात पोलाद मुठीच्या टोकापर्यंत जातं आणि दोन्ही बाजूंनी लाकडाच्या फळ्या रिव्हेटनं ठोकलेल्या असतात. वजन थोडं वाढतं, थंडीत हाताला पोलाद गार लागतं, पण सैल होण्याची काळजी पुष्कळ कमी.

म्हणजे कारखान्याच्या बाजूनं एकसारखेपणा, मूठ, आणि पातळ पात्याचा हलकेपणा. तो हलकेपणा लहानसहान नाही. तुमचं काम मुख्यतः झुडपं, वेली, ओली डहाळी असंच असेल, तर १०५५ ची तीनेक मिलिमीटर जाडीची खुकरी दिवसभर चालवता येते, आणि ती मऊ असल्यानं तिचीही धार तुटण्याऐवजी दुमडते. अशा कामाला मी तिला नाव ठेवणार नाही. माझी तक्रार १०९५ च्या जाड, कडक खुकरीबद्दल आहे. जंगलातल्या राकट कामासाठी म्हणून ती विकली जाते आणि पहिल्याच दगडाशी हरते. तेच पोलाद छोट्या सुरीला द्या, मी आनंदानं घेईन.

गंज दोघींनाही सारखाच. काळा लेप फक्त पात्याच्या अंगावर असतो, धारेवर नसतो, आणि गंज धारेपासूनच सुरू होतो. जून ते सप्टेंबर पातं म्यानात ठेवायचंच नाही. आतलं लाकूड आणि वरचं चामडं दोन्ही ओल धरून बसतात. पुसून, शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवून, जुन्या सुती कापडात गुंडाळून ठेवायचं. खोबरेल लावू नका. म्यानाचीच गोष्ट निघाली म्हणून: खुकरी काढताना म्यान पाठीच्या बाजूनं धरायचं. धारेच्या बाजूला बोटं गुंडाळली आणि आतलं लाकूड उसवलेलं असलं, तर धार म्यान फाडून बोटापर्यंत येते.

आता मापाचं. यात पोलादापेक्षा कायदा जास्त बोलतो. शस्त्र नियम, २०१६ च्या पहिल्या अनुसूचीत, शस्त्र धरल्या जाणाऱ्या ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्यांच्या यादीत खुकरीचं नाव घेऊन लिहिलेलं आहे. घरगुती आणि शेतीच्या कामासाठी बनवलेली पाती त्यातून वगळली आहेत, पण रात्री नाक्यावर गाडी तपासणाऱ्या हवालदाराला हा बारकावा समजावत बसण्याची माझी तयारी नाही. फौजी घाटाच्या (घाट म्हणजे पात्याचा आकार) पुष्कळ खुकऱ्या दहा-अकरा इंचांच्या असतात, आणि अंखोला घाटाची जाड खुकरी रुंदीलाही दोन इंचांपुढे जाते. म्हणून मी सिरुपाते घाटाची, अरुंद, नऊ इंचांच्या आतली निवडली. तोडण्याची ताकद थोडी कमी पडते, ते मान्य. जागेवरच राहणार असेल, कुठे न्यायची नसेल, तर अंखोलाचा मोह मला समजतो. तरी आपल्या जिल्ह्यात काय लागू आहे ते विचारून घ्यावं.

पाट्याची घ्यायची ठरली, तर दुकानात खिशात एक छोटी, नवी कानस घेऊन जा. विकणाऱ्याला सांगून, टोकाजवळ, पोटावर आणि मुठीजवळ धारेवर ती हलकेच फिरवा. पोटावर ती बहुतेक घसरली पाहिजे. मुठीजवळ थोडी धरली तर चालेल, तिथं आपण मारत नाही. पोटावरही सहज पकडत असेल तर पातं खाली ठेवा, मग मूठ शिंगाची असो की शिसवाची. नंतर धार उजेडाकडे धरून पाठीपासून खाली बघत या, आडवी केसासारखी रेघ दिसली तर तीही नको. मुठीजवळ पात्याला जी खाच असते, तिथं विशेष बघा. शेवटी मूठ कानाशी धरून पात्यावर नखानं टिचकी मारा. आवाज स्वच्छ आला पाहिजे, आतून किणकिण ऐकू आली तर शेपूट सैल आहे.

विकणारा कानस लावू देत नसेल, तर शेजारचं दुकान बघा. पोस्टानं मागवत असाल तर ही सोय नसते. तेव्हा परत घेण्याची अट आधी लिहून घ्या, आणि तेवढीही हमी मिळत नसेल तर कारखान्याची १०५५ घ्या. टवक्याच्या दुपारी तरी वाचतील.