मेन कूनसाठी घेतलेला मोठा कॅरिअर : आठ महिने वापरल्यावर

बाळू, आमचा मेन कून या मोठ्या चणीच्या जातीचा बोका. वय अडीच वर्षं, वजन ७ किलो ८०० ग्रॅम. ही जात तीन ते पाच वर्षांची होईपर्यंत भरत जाते, त्यामुळे हा आकडा अजून चढणार. साध्या मांजराच्या कॅरिअरमध्ये त्याला बसवता येत नव्हतं, कोंबावं लागायचं. म्हणून कडक प्लास्टिकचा, पुढून आणि वरून उघडणारा मोठा कॅरिअर घेतला. त्यानंतर तीन लांबचे प्रवास झाले, दवाखान्याच्या फेऱ्या तर मोजल्याच नाहीत.

वरचं दार हे याचं खरं सुख. बाळू दवाखान्यात पोचला की पुढच्या दारात चारी पाय रोवतो, मग एवढं धूड ओढणार कोण! आता आम्ही वरचा अर्धा भागच काढून ठेवतो आणि तो खालच्या भागात टॉवेलवर बसलेला असतानाच डॉक्टर तपासतात.

आता मूठ. दुसऱ्या महिन्यात जिना उतरताना मुठीची एक बाजू खटकन निसटली. कॅरिअर तिरका झाला, आठ किलोचं मांजर घसरत दारावर आदळलं. कडी टिकली म्हणून बरं, नाहीतर बाळू जिन्यात आणि मी त्याच्यामागे. मूठ बदलून मिळाली, पण माझा विश्वास उडाला. मांजर काही पोत्यासारखं एका जागी राहत नाही, घाबरलं की सगळं वजन एका कोपऱ्यात टाकतं. तेव्हापासून मूठ फक्त सरकवायला वापरते. उचलायचं ते दोन्ही हात तळाखाली घालून, पोटाशी धरून. बाजूच्या प्लास्टिकच्या क्लिपा काढून तिथे नटबोल्टही बसवून घेतले.

मापाची चूक माझी. मांजराला आत उभं राहता, वळता आणि पसरता आलं की पुरे. मी ‘असू दे ऐसपैस’ म्हणून एक माप मोठंच घेतलं आणि ब्रेक लागला की बाळू आत या टोकाकडून त्या टोकाला. शेवटी तळाला रबरी चटई घातली, मागे टॉवेलची जाड गुंडाळी लावली. शिवाय गाडीत पुढच्या सीटमागे खाली ठेवायचा तर तो तिथे मावेना. पुढची सीट सरकवून कसाबसा बसतो, पण एकदा बसला की हलत नाही. मुठीतून सीटबेल्ट ओवायचा मोह टाळा, झटका बसला तर आधी मूठच तुटेल. एअरबॅगमुळे पुढची सीट बादच. विमानाचा विचारही सोडून दिला. केबिनमध्ये अनेक कंपन्या पिंजऱ्यासकट सात-आठ किलोच चालवतात, तेवढा तर नुसता बाळूच आहे.

पहिल्या प्रवासात वीसच मिनिटांत लाळेच्या तारा आणि मग उलटी. आता निघण्याआधी चार तास खाणं बंद, पाणी चालू. एकाने झोपेची गोळी सुचवली होती. डॉक्टरांनी साफ नाही म्हटलं: मेन कूनमध्ये हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार आढळतो, आधी सोनोग्राफी. ती ठीक आली, तेव्हा त्यांनी गॅबापेन्टिन हे प्रवासाची भीती कमी करणारं औषध लिहून दिलं आणि तेही आधी घरी एकदा देऊन बघायला लावलं. मांजर तोंड उघडून धापा टाकायला लागलं तर ‘गरम होत असेल’ म्हणत पुढे जाऊ नका. गाडी थांबवा, डॉक्टर गाठा.

सवय लावायला तीन आठवडे लागले. दार काढून कॅरिअर हॉलमध्ये ठेवला, आत माझा जुना स्वेटर. आता दुपारची झोप तिथेच असते, शेपूट तेवढी बाहेर.

तक्रार एकच उरली, धुण्याची. दाराच्या बिजागरीत केस असे अडकतात की जुन्या टूथब्रशनेच निघतात, आणि स्क्रूच्या खाचांत एकदा सू मुरली की दोन दिवस उन्हात ठेवल्याशिवाय वास जात नाही.