भाड्याचं पेट्रोल ऑगर आणि बरडावरचे झाई खड्डे

महूच्या पुढे, मानपूरकडच्या उतारावर आमची दीड बिघा बरड जमीन आहे. नुसता मुरूम. पहिल्या सरीनंतर वर पापुद्रा धरतो आणि पुढचं पाणी न मुरता थेट नाल्यात जातं. म्हणून आफ्रिकेतल्या बुर्किना फासो देशात, यातेंगा भागात करतात तसे झाई खड्डे, म्हणजे पाणी मुरवायला खत भरून बी पेरायचे छोटे खड्डे, करायचं ठरवलं आणि इंदूरच्या सियागंजातल्या एका दुकानातून मे महिन्यात ऑगर, म्हणजे जमिनीत भोकं पाडायचं मशीन, आणलं. 52 सीसी, आठ इंची पातं, दिवसाचं भाडं 700 रुपये.

मशीन दणकट आहे. मुरमातही फूटभर खोल भोक झटक्यात पडतं. दगड लागला की मात्र हिसका जबरदस्त बसतो, दोघांनी धरा. पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक ऑइल मिसळायचं असतं हे दुकानदारानं सांगितलंच नाही. भाच्यानं फोन करून विचारलं म्हणून इंजिन वाचलं.

पण झाईसाठी हे पातं चुकीचं. तो खड्डा 20 ते 30 सेंटिमीटर रुंद, 10 ते 20 सेंटिमीटर खोल, पसरट वाटीसारखा हवा. ऑगर उभा नळा पाडतं. खत तळाशी जातं, बी खोल गाडलं जातं. शिवाय माती चहूकडे उधळते. झाईत ती उताराच्या खालच्या अंगाला चंद्रकोरीसारखी रचायची, तीच पाणी अडवते.

बुर्किना फासोचे शेतकरी याकूबा सावादोगो यांनी 1980च्या सुमारास, दुष्काळानंतर, ही जुनी रीत सुधारली. खड्डे मोठे केले, उन्हाळ्यातच खणून त्यांत खत भरलं. खताला वाळवी येते, ती कडक जमीन आतून पोखरते आणि पाऊस त्या वाटांनी खाली उतरतो. आयुष्यभर वाळवीवर औषध मारत आलेली मी, हे वाचून बराच वेळ गप्प बसले. 2018 साली त्यांना राइट लाइव्हलिहूड पुरस्कार मिळाला. 2023 मध्ये ते गेले.

तिसऱ्या दिवशी कुदळ घेतली. दोन्हींकडे ज्वारीच पेरली, तीही मूळची आफ्रिकेचीच. ऑगस्टच्या उघडिपीत ऑगरच्या ओळींतली पानं दुपारी वळायची, कुदळीच्या खड्ड्यांतली ताठ होती.

खोल काळ्या जमिनीत हे करू नका, पाणी साचून मुळं कुजतील. ऑगर मी पुढच्या जूनमध्ये सीताफळाच्या रोपांसाठी पुन्हा आणणार आहे. बारा इंची पातं मागवून ठेवायला सांगितलंय.