राजीनाम्याच्या तयारीसाठी घेतलेले समुपदेशन सत्र : एक परीक्षण

नोकरी सोडण्याचा निर्णय पक्का झाल्यावरही अनेकांचे पाऊल अडते ते वरिष्ठांना तो सांगण्यापाशी, आणि माझेही तिथेच अडले होते. त्यामुळे करिअरविषयक सल्ला देणाऱ्या एका सेवेचे, केवळ राजीनाम्याच्या तयारीसाठी असलेले ऑनलाइन सत्र मी घेतले.

पत्राचे काम लवकर उरकले. राजीनामा देत असल्याचे एक स्पष्ट वाक्य, नोटीस पीरियडनुसार (राजीनामा दिल्यापासून नोकरी सुटेपर्यंतच्या ठरलेल्या मुदतीनुसार) कामाचा शेवटचा दिवस आणि हँडओव्हर, म्हणजे आपले काम दुसऱ्याकडे सोपवणे, नीट करून देण्याची तयारी, एवढेच पत्रात असावे असे सल्लागार बाईंचे मत होते. माझ्या मसुद्यातील कारणांचा परिच्छेद त्यांनी काढायला लावला. हे पत्र कंपनीच्या दप्तरी कायम राहते, त्यामुळे रागाच्या भरात लिहिलेली तक्रार पुढे कोण वाचेल हे आपल्या हातात नसते, हा त्यांचा मुद्दा मला पूर्णपणे पटला.

सत्राची खरी किंमत मात्र सरावात आहे. बाई स्वतः वरिष्ठांच्या भूमिकेत शिरल्या आणि मी राजीनाम्याचे वाक्य उच्चारताच काहीच न बोलता माझ्याकडे पाहत राहिल्या. ती शांतता मला सोसवेना. मी लगेच घरची अडचण, नव्या कामाचे स्वरूप, कामाचा ताण असे एकापाठोपाठ एक सांगत सुटलो, आणि त्यांनी त्यातले प्रत्येक कारण उचलून त्यावर तोडगा सुचवला. आपण दिलेले प्रत्येक स्पष्टीकरण समोरच्याला वाटाघाटीची नवी जागा देते, हे मला त्या काही क्षणांत जितके उमगले तितके ते कितीही लेख वाचून उमगले नसते. त्यानंतर ‘ऐन कामाच्या वेळी सोडून जाणार?’, ‘तुझ्यासाठी एवढे केले, त्याचे काय?’, ‘पगार किती वाढवायचा ते सांग’ अशा प्रतिक्रियांचा सराव झाला. काउंटर ऑफर, म्हणजे थांबवून घेण्यासाठी वाढीव पगाराचा प्रस्ताव, आलीच, तर आपण पगारासाठी निघालो होतो का, हे आधी स्वतःला विचारावे आणि तसे नसेल तर आभार मानून बोलणे हँडओव्हरकडे वळवावे, हा त्यांचा सल्ला मी प्रत्यक्षात तंतोतंत पाळला. साहेबांचा आवाज चढला होता, तरी आमचे बोलणे कामांच्या यादीवर येऊन संपले.

जपानमध्ये ग्राहकाच्या वतीने कंपनीला राजीनामा कळवणाऱ्या संस्था आहेत. वरिष्ठांच्या नुसत्या विचाराने ज्यांची झोप उडते, त्यांच्यासाठी तो मोठाच आधार आहे. परंतु वकील किंवा कामगार संघटना नसलेल्या अशा संस्थांना तेथील कायद्यानुसार केवळ निरोप पोहोचवता येतो, ग्राहकाच्या वतीने वाटाघाटी करता येत नाहीत. ज्यांना पुढेही त्याच क्षेत्रात, त्याच माणसांमध्ये वावरायचे आहे, त्यांनी शक्य असल्यास स्वतःच बोलावे आणि त्यासाठी असा सराव करावा, असे मला मनापासून वाटते.

दोन उणिवा मात्र गंभीर आहेत. पहिली म्हणजे माझे नियुक्तिपत्र त्यांनी मागितलेच नाही. नोटीसची मुदत, शिल्लक रजेचे व थकीत देण्यांचे नियम आणि असल्यास बाँड (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार), या गोष्टी नियुक्तिपत्र वाचल्याशिवाय कळत नाहीत, आणि शेवटच्या दिवसाची तारीख त्यांवरच ठरते. दुसरी उणीव सहकाऱ्यांबाबतची आहे. बातमी फुटल्यावर बैठकांची निमंत्रणे थांबतात, कालपर्यंत मोकळेपणाने बोलणारा मित्र तुटक उत्तरे देऊ लागतो, आणि आपले काम ज्याच्या गळ्यात पडणार असते त्याची नाराजी तर अगदी रास्त असते. नोटीसच्या काळात रोज सोसावा लागतो तो हा दुरावा, आणि त्यावर सत्रात जेमतेम काही मिनिटे मिळाली.

निर्णय ज्यांचा झाला आहे, त्यांनी हे सत्र अवश्य घ्यावे, पण त्याआधी नियुक्तिपत्र शब्दन् शब्द वाचून काढावे. निर्णय ज्यांचा व्हायचा आहे, त्यांच्या हाती येथे फारसे काही लागणार नाही, कारण सोडावे की नाही हा प्रश्न या सत्रात विचारलाच जात नाही.